माझ्यापाशी ठेव

आमच्या टीममध्ये म्यूटचं बटण दाबायला बंदी होती. सकाळी साडेनऊला आम्ही सगळे आपापल्या घरून कॉलवर यायचो. बोलायचं नसेल तेव्हा माइक बंद ठेवायचा, हे कुठल्याही कंपनीत पहिल्याच दिवशी शिकवतात. रंगनाथदादा बोऱ्हाडे यांनी आमची ती सवय मोडून काढली. "घर वाजू द्या की," ते म्हणायचे. "कुणाचा कुकर, कुणाची पोरं. न्हाईतर तुमी जिवंत हाय का झोपलाय, मला कसं कळायचं?"

सुरुवातीला मला फार लाज वाटायची. रहाटणीतला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, आणि कॉलच्या ऐन वेळेला सासूबाईंचं आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंचं रोजचं भांडण जुंपलेलं. ते सगळ्या टीमला ऐकू जायचं. चिंचवडहून सलीम मुजावर असायचा. त्याच्या खिडकीखाली त्याच्या भावांचं गॅरेज, तिथे सारखी ठोकाठोक. चाकणहून संजीवनी बिरादार असायची. तिच्या मागच्या खोलीतून तिच्या वडिलांचं खोकणं आणि रेडिओ ऐकू यायचा. महिना-दोन महिन्यांत आम्हाला एकमेकांची घरं कानांनी पाठ झाली. सलीमच्या घरी मी तोवर एकदाही गेले नव्हते, पण त्याचा धाकटा भाऊ चिडला की पाना फेकतो, हे मला माहीत होतं.

एका सकाळी कामाचं बोलणं चालू असताना दादा मध्येच थांबले. "संजू, अण्णांचा आवाज का न्हाई आज?"

"झोपले असतील की."

"जाऊन बघ."

ती उठून गेली. अण्णा पलंगावरून घसरून भिंत आणि पलंगाच्या फटीत अडकले होते. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू आधीच गेलेली. हाक मारायची तर जीभ वळत नव्हती. संजीवनीने शेजाऱ्यांना बोलावून त्यांना वर घेतलं आणि मग परत येऊन स्क्रीनसमोर बसली. त्या दिवसापासून तिच्या लेखी रंगनाथदादांचा शब्द अखेरचा झाला. खरं सांगायचं तर आमच्या सगळ्यांच्याच लेखी.

आम्ही यंत्रांची पुस्तकं करायचो. चाकणच्या कारखान्यांतून जी यंत्रं बाहेर पडतात ती कशी बसवायची, कुठला पट्टा कधी बदलायचा, हे सांगणारी जाडजूड पुस्तकं. मी मजकूर लिहायची. सलीम चित्रं काढायचा, यंत्राचे सुटे भाग हवेत ओळीने तरंगताहेत अशी. संजीवनी मजकूर आणि चित्र एकमेकांशी जुळतंय का ते तपासायची. आणखीही पाच-सहा जण होते, पण आम्हा तिघांचं काम एकात एक अडकलेलं होतं, म्हणून मैत्रीही तशीच झाली.

दादा आमचे मॅनेजर. पन्नाशीचे, पोट सुटलेले, अंगात कायम पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट. परदेशातल्या ग्राहकाशी बोलताना त्यांचं इंग्रजी एकदम इस्त्री केल्यासारखं असायचं. तो कॉल संपला की खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "आयला, जबडा दुखला." ते रहाटणीचेच जुने. त्यांच्या शेतांवर आता उंच सोसायट्या आहेत, आणि त्या सोसायट्यांच्या मधोमध त्यांचा बंगला बसका दिसतो. "तुमी आमच्या वांग्याच्या वाफ्यावर झोपताय बरं का, मेघाताई," असं ते मला म्हणायचे. पगारावाचून त्यांचं काही अडत नव्हतं, आणि ही गोष्ट ते लपवतही नव्हते. त्यावरून आम्ही एक समज करून घेतला होता. या माणसाला नोकरी जाण्याची भीती नाही, तेव्हा आमच्यासाठी हा वरच्या कुणाशीही भिडेल. आमचं त्यांच्यावर जे प्रेम होतं, त्यात या समजाचा वाटा मोठा होता.

मी कामावर लागले तेव्हा कंपनीचा लॅपटॉप कुरिअरने यायचा होता. आला तो दादांच्या हातून. सासूबाईंनी दिलेलं पाणी प्यायले, मग माझ्या टेबलाशी जाऊन माझ्याच खुर्चीत बसले, दोन्ही हात टेबलावर ठेवून पाहिले आणि म्हणाले, "उंच हाय. सहा महिन्यांत खांदे जातील तुमचे." मी हसून विषय टाळला. दुसऱ्या दिवशी ते सुतार घेऊन हजर. त्याने टेबलाचे पाय कापले, घासून गुळगुळीत केले, आणि दादा तेवढा वेळ सासूबाईंशी जुन्या रहाटणीतल्या विहिरींबद्दल बोलत बसले. ते गेल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "हा साहेब आहे की माहेरचा माणूस?"

महिन्यातून एकदा सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटायचं असा कंपनीचा नियम होता. बाकीच्या टीम कंपनीच्या माणच्या ऑफिसात जायच्या, काचेच्या खोलीत पिझ्झा मागवायच्या. दादा आम्हाला एकेकाच्या घरी न्यायचे. "ऑफिसात माणूस ऑफिससारखा बसतो," म्हणायचे. सलीमच्या घरी त्याच्या अम्मीने आम्हाला खिमा-पाव खाऊ घातला आणि त्याच्या तिन्ही भावांनी दादांना एका उघड्या इंजिनासमोर उभं करून तासभर शिकवणी दिली. दादांनी शर्टाच्या बाह्या काळ्या करून घेतल्या.

मग चाकणला संजीवनीच्या घरी गेलो. दोन खोल्या, वर पत्रा. अण्णा उदगीरकडचे, इथल्या एका कारखान्यात आयुष्य काढलं आणि निवृत्तीच्या तोंडावर झटका आला. घरात ही एकटी मुलगी. आम्ही आत गेलो तेव्हा अण्णांनी तोंड भिंतीकडे वळवलं. दाढी वाढलेली, पाहुण्यांसमोर त्यांना कसंसंच झालं असावं. दादांच्या ते लक्षात आलं. त्यांनी संजीवनीला गरम पाणी, ब्रश आणि वस्तरा मागितला. आम्हाला बाहेर पिटाळलं. पण खोली केवढी असणार. दारातून सगळं दिसत होतं. दादा पलंगाच्या कडेवर बसले, अण्णांची मान आपल्या दंडावर घेतली आणि सावकाश दाढी करू लागले. लुळ्या बाजूचा गाल आतून जिभेने फुगवता येत नाही, तिथे त्यांनी दोन बोटांनी कातडी ताणून धरली. "माझा बापबी असाच हुता आठ वर्सं," एवढंच म्हणाले. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते साबणाच्या फेसात मिसळत होतं. संजीवनी मोरीत जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी निघण्याआधी दादांनी तिला बारीकसारीक विचारलं. अण्णांना कूस कधी बदलून देतेस, दुपारी किती वेळ लागतो, तेवढ्या वेळात काम मागे पडतं का, मग ते कधी भरून काढतेस. तिने सगळं सांगितलं. दुपारचा तास-दीड तास त्यांचं करण्यात जातो, म्हणून ती पहाटे उठून आधीच काम उरकते. हे ती आजवर कुणाला बोलली नव्हती.

"माझ्यापाशी ठेव," दादा म्हणाले, "आणि मोकळी हो."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आमच्यापैकी प्रत्येकाने ते कधी ना कधी ऐकलं होतं. मी माझ्या नवऱ्याच्या आणि माझ्या बेबनावाबद्दल बोलले होते. सासूबाई आहेत म्हणून मुलीचं निभतंय, नाहीतर मी केव्हाच कोलमडले असते, असं म्हणाले होते. सलीमचं तर आम्हाला फार उशिरा कळलं. त्याच्या डाव्या डोळ्याला अंधारी यायला लागली होती. चित्रकाराचा डोळा! त्याने ते घरीसुद्धा लपवलं. दादांनी मात्र कॉलवर त्याला स्क्रीनकडे वाकताना पाहिलं, गाडी काढून चिंचवड गाठलं, गॅरेजपलीकडच्या टपरीवर चहा पाजला आणि विचारलं. डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला तेच घेऊन जायचे. आम्हाला सांगायचे, आज सलीम आणि मी यंत्र बघायला चाललोय.

एव्हाना आमच्या टीमचा कंपनीत बोलबाला झाला होता. वर्षानुवर्षं कुणी सोडून जात नाही, पुस्तकं वेळेवर निघतात, माणसं विखुरलेली असून एकजीव आहेत, हे कसं काय? वरच्या साहेबांनी दादांना बोलावलं. एका हॉटेलात मोठी सभा झाली, तिथे दादांनी भाषण केलं आणि आम्ही ते घरून ऐकलं. म्यूटची गंमत, टेबलाचे पाय, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. नावं घेतली नाहीत. टाळ्या पडल्या तेव्हा आम्हाला आपल्याच लग्नात बसल्यासारखं वाटलं.

त्यानंतर त्यांना बैठकांना बोलावणी यायला लागली. सकाळचा कॉल कधी पंधरा मिनिटांत उरकायचा. आणि दिवाळीनंतर कधीतरी माझ्या ध्यानात आलं की हल्ली दादांचाच माइक बंद असतो. बोलायचं झालं की उघडतात, बोलतात, पुन्हा बंद. मी एकदा चेष्टेत म्हणाले, "दादा, नियम मोडताय." तर म्हणाले, "घरी पाव्हणे हाईत, मेघाताई." ते पाहुणे उन्हाळ्यापर्यंत राहिले.

त्या काळात आमच्याकडे एका भल्यामोठ्या पॅकिंग मशीनचं पुस्तक होतं. दादा रोज मागे लागायचे, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. "एवढं निघू द्या, मग समदे मिळून कोकणात जाऊ." आम्ही जीव तोडून काम केलं. सलीमने एक डोळा झाकून चित्रं पुरी केली. शुक्रवारी पुस्तक गेलं. सोमवारी प्रत्येकाला एचआरकडून वेगवेगळ्या वेळेचं बोलावणं आलं.

माझी पाळी आधी होती. एचआरच्या बाई गोड बोलल्या. पुढच्या महिन्यापासून आठवड्याचे चार दिवस माणच्या ऑफिसात यायचं. ज्यांना शक्य नाही त्यांना कंपनी निरोप देणार. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, "तुमचा प्रश्न नाही म्हणा. तुमच्या सासूबाई मुलीचं सगळं बघतात, आणि सध्याच्या परिस्थितीत तुम्हाला घराबाहेर पडलेलं बरंच वाटेल."

हे या बाईंना कुणी सांगितलं, हा प्रश्न मला पडला आणि लगेच विझला. कारण उत्तर एकच होतं.

दुपारी संजीवनीचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं. त्याच बाईंनी तिला विचारलं होतं, "दुपारी वडिलांना उचलून बसवता, तेव्हा तुम्ही कामावर नसताच ना? इतकी वर्षं?" पहाटेच्या कामाचं तिने सांगून पाहिलं, तर म्हणाल्या, त्याची नोंद नाही. चाकणहून माणला जायचं-यायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये दिवस संपणार. अण्णांना सकाळपासून रात्रीपर्यंत कुणाच्या भरवशावर ठेवायचं? तिने तिथेच राजीनामा कबूल केला. सलीमकडे डोळे ठीक असल्याचा दाखला मागितला गेला. तो त्याला मिळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणजे त्याचीही नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे दादांच्या बंगल्यावर गेलो. ते अंगणात उभे राहून टँकरचं पाणी टाकीत सोडून घेत होते. मोटरचा एवढा आवाज की बोलणं अशक्य. त्यांनी आम्हाला पाहिलं, हाताने थांबा म्हणाले, आणि आम्ही तिघे टँकर रिकामा होईपर्यंत त्यांच्या अंगणात मुकाट उभे राहिलो. घरून निघताना मनात जुळवलेलं सगळं तेवढ्यात विरून गेलं.

टँकर गेला. "बसा," ते म्हणाले. कुणी बसलं नाही.

"अण्णांचं दुपारचं त्यांना कुणी सांगितलं, दादा?" संजीवनीने विचारलं.

"मी."

मला वाटलं होतं ते नाकारतील, निदान आडवळणाने बोलतील. आम्ही भांडायला आलो होतो आणि त्यांनी पहिल्याच शब्दात भांडण काढून घेतलं.

"त्यांनी एकेक नाव घेऊन इचारलं," दादा म्हणाले. "ऑफिसला कुणाला जमंल, कुणाला न्हाई, आन् का न्हाई. मी काय खोटं बोलू?"

"खोटं बोला असं कुणी म्हणतंय?" सलीम म्हणाला. "आम्हाला सांगायचं तरी होतं. तुम्हाला कधी कळलं हे?"

"दिवाळीत."

"आणि तुम्ही आम्हाला उन्हाळ्यापर्यंत राबवलंत."

"तवा सांगितलं असतं तर तुमी दुसरीकडं बघाया लागला असता. पुस्तक अर्धं राह्यलं असतं. मग समदी टीमच मोडीत काढली असती त्यांनी. आता निम्मी तरी वाचली का न्हाई?"

ते हे मनापासून बोलत होते. आजही मला वाटतं की त्यांच्या मते त्यांनी आम्हाला वाचवलं होतं.

सलीम अगदी हळू म्हणाला, "डोळ्याचं मी माझ्या बायकोलापण नव्हतं सांगितलं, दादा. तुम्ही विचारलंत म्हणून तुम्हाला सांगितलं. काल तिला कळलं. कंपनीतून फोन आला, तिनं उचलला."

दादांनी मान खाली घातली. हातातला ओला पाइप गुंडाळायला लागले.

"तुमी नाटक केलं असतं ना, तर लई बरं झालं असतं," संजीवनी म्हणाली. "पण अण्णांजवळ बसला होतात ते खरंच बसला होतात. मी पाहिलंय. मग आता मी राग तरी कसा करू, सांगा मला."

"ते खरं हुतं, संजू," दादा म्हणाले. "आन् हेबी खरं हाय. दोन्ही मीच हाय, काय करू?"

आम्ही वळलो. फाटकापाशी ते माझ्यामागे आले आणि म्हणाले, "मेघाताई, तुमचं तर चांगलं झालं ना?" त्यांना मला धीर द्यायचा होता. मला कानाखाली बसल्यासारखं झालं. माझं काम चांगलं म्हणून मला ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी. मी राहिले होते ती एका संध्याकाळी रडत रडत सांगितलेल्या चार वाक्यांच्या जोरावर. तसल्याच वाक्यांवर ती दोघं गेली होती.

पुढे दादांना बढती मिळाली. सगळ्या कंपनीची संस्कृती त्यांच्या ताब्यात दिली गेली, आणि सगळ्याच टीमना फर्मान निघालं की घरून काम असेल त्या दिवशी सकाळच्या कॉलला माइक उघडे ठेवायचे. लोक ठेवायचे. पण कॉल सुरू व्हायच्या आधी घरच्यांना गप्प करायचे. मीसुद्धा सासूबाईंना सांगून ठेवलं, साडेनऊ ते दहा तेवढं भांडू नका. त्या म्हणाल्या, "का गं, इतके दिवस चालत होतं की." त्या वेळात आमच्या कॉलवर फक्त पंख्यांची घरघर ऐकू यायची. काही महिन्यांनी मी दुसरी नोकरी धरली. निरोपाच्या दिवशी दादांनी मला स्वतःच्या खोलीत बोलावलं आणि विचारलं, का चाललात? मी म्हटलं, लांब पडतं. रहाटणीहून माण काही लांब नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, आळंदीला. अण्णा गेले होते आणि दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर आम्ही जमलो होतो. नदीवर नेहमीसारखा पांढरा फेस. सलीम त्याच्या अम्मीला घेऊन आला होता. विधी चालू असताना मला घाटाच्या वरच्या पायरीवर पांढरा शर्ट दिसला. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कुठून तरी कळलं असणार. सगळं आटपेपर्यंत ते हात जोडून उभे राहिले, कुणाच्या पुढे आले नाहीत. सलीमने त्यांना पाहिलं, मान लववून सलाम केला आणि अम्मीचा हात धरून दुसरीकडे गेला.

मग ते संजीवनीपाशी आले. मी तिच्या शेजारीच होते.

"शेवटी लई तरास झाला का गं अण्णांना?"

संजीवनीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "जेवून जा, दादा," ती म्हणाली.

"तुझं कसं चाललंय?"

"चाललंय."

ते थांबून राहिले. एरवी ते असे थांबले की समोरचा माणूस आपोआप बोलायला लागायचा. संजीवनीने पदर सारखा केला, "पानं घ्यायचीत," म्हणाली आणि घाटामागच्या धर्मशाळेत गेली.

ते माझ्याकडे वळले. "मेघाताई, संजू आता कुठं असतीया कामाला?"

मला माहीत होतं. भोसरीच्या एका छोट्या फर्मने तिला घरून करायचं काम दिलं होतं; त्याच सकाळी पत्रावळी मोजून ठेवताना तिने मला ते सांगितलं होतं, बऱ्याच दिवसांनी जरा हसून.

"मला काही बोलली नाही," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं असावं. "बरं हाय," म्हणाले. जेवायला थांबले नाहीत. गाडी आणली नसावी; वहाणा शोधून पायात घातल्या आणि मोशीकडे जाणाऱ्या शेअर रिक्षांच्या दिशेने चालत गेले. तिथे एका रिक्षात मागच्या सीटवर फुलांची रिकामी टोपली मांडीवर घेऊन एक बाई बसली होती. ती सरकली, दादा आत शिरले. रिक्षा भरायची वाट बघत उभी होती. दादांनी त्या बाईला काहीतरी विचारलं. तिने आधी तुटक उत्तर दिलं, मग त्यांच्याकडे वळून बसली. रिक्षा सुटली तेव्हा ती टोपलीवरचा हात उचलून उचलून त्यांना काहीतरी सांगत होती, आणि दादा मान तिच्याकडे झुकवून ऐकत होते.